स्पॅनिश निकालातील ‘सेन्तेन्सिया’चे इंग्रजीत काय करावे?

पुणेरी दुभाषी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात घटस्फोटाच्या एका स्पॅनिश निकालाचा इंग्रजी अनुवाद माझ्याकडे तपासायला आला. निकाल माद्रिदच्या न्यायालयाचा, पक्षकार बाई पुण्याच्या. पहिल्याच पानावर ‘सेन्तेन्सिया’चे, म्हणजे निकालाचे, ‘सेन्टेन्स’ झाले होते. म्हणजे घटस्फोट मागायला गेलेल्या बाईंना जणू शिक्षाच ठोठावली होती. ही चूक कोणाच्याही डोळ्यांत भरते. घातक चूक पुढे होती. ‘सेन्तेन्सिया देफिनितिवा’ला ‘फायनल जजमेंट’ म्हटले होते. स्पेनच्या २००० सालच्या दिवाणी प्रक्रिया कायद्याच्या कलम २०७ नुसार ‘देफिनितिवा’ म्हणजे त्या पायरीवरचे काम संपवणारा निर्णय. त्यावर अपील होऊ शकते आणि त्यासाठी २० दिवसांची मुदत असते. ज्यावर कोणताही उपाय उरलेला नाही, तो निर्णय ‘फिर्मे’. इंग्रजी वाचून बाईंनी त्याच आठवड्यात दुसरे लग्न ठरवले असते, तर?

माझे मत असे की शब्दाच्या रूपाकडे न पाहता त्याच्या कामाकडे पाहावे आणि वाचणाऱ्या वकिलाला ठाऊक असलेला इंग्रजी शब्द वापरावा. सेन्तेन्सिया म्हणजे जजमेंट, आउतो म्हणजे कारणांसहित दिलेली ऑर्डर आणि प्रोबिदेन्सिया म्हणजे केवळ कामकाज पुढे नेणारा निर्देश.

कोर्टकचेरी

आपले रोगनिदान बरोबर आहे, औषधाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. ‘देक्रेतो’ घ्या. आपल्याकडे डिक्री म्हणजे हुकूमनामा, १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने व्याख्या केलेला, न्यायालयाने पक्षकारांचे हक्क ठरवल्यावर निघणारा. स्पेनमध्ये न्यायालयीन ‘देक्रेतो’ न्यायाधीश काढतच नाही. तो ‘लेत्रादो’ काढतो, ज्याला २०१५ पर्यंत न्यायालयीन सचिव म्हणत. ‘माखिस्त्रादो’चेही तेच. तेथे तो साध्या ‘खुएस’हून वरच्या श्रेणीचा न्यायाधीश, आणि सर्वोच्च न्यायालयातही माखिस्त्रादोच बसतात. इंग्रजीत ‘मॅजिस्ट्रेट’ लिहिले की आपल्या वकिलासमोर तालुक्याचे फौजदारी न्यायालय उभे राहते.

म्हणून मूळ शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला खुलासा द्यावा. अनोळखी शब्द दिसला तर वकील थांबून विचारतो. ओळखीचा दिसला तर पुढे जातो, आणि फसतो तो तेथेच.

पुणेरी दुभाषी

‘देक्रेतो’बद्दल हार मान्य. परंतु चौदा पानांच्या निकालात तीस शब्द स्पॅनिशच राहिले तर त्याला अनुवाद का म्हणावे? लिप्यंतर स्वस्तात पडेल. स्पेनच्या १८८२ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातला ‘सोब्रेसेइमिएन्तो’, म्हणजे प्रकरण बंद करणे, पाहा. ‘लिब्रे’ असेल तर प्रकरण कायमचे मिटले, ‘प्रोबिसिओनाल’ असेल तर नवा पुरावा मिळाल्यावर पुन्हा उघडू शकते. पहिल्याला ‘फ्री डिसमिसल’ म्हणणारे अनुवाद मी पाहिले आहेत. त्यातून काहीच कळत नाही. मूळ शब्द तसाच ठेवला तर व्हिसाच्या खिडकीवरच्या कारकुनाला त्याहूनही कमी कळेल. त्याला एवढेच हवे असते की या माणसावर खटला शिल्लक आहे की नाही.

म्हापसेकर

गोव्याचा एक अनुभव सांगतो, भाषा स्पॅनिश नव्हे तर तिची शेजारीण पोर्तुगीज. वारसांमधील वाटणीच्या ‘इन्व्हेंतारिउ’चे इंग्रजीत ‘इन्व्हेंटरी’ झाले. मुंबईच्या वकिलाला ती दुकानातील मालाची यादी वाटते, परंतु आमच्याकडे इन्व्हेंटरी घातली म्हटले की शेजाऱ्यालाही भावंडांचे काय चालले आहे ते कळते. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्याच्या नावातच तो शब्द आहे. म्हणजे शब्दशः भाषांतरही चालते. मात्र ते रोज वापरणारे लोक पाठीशी लागतात. स्पॅनिश शब्दांना भारतात असे लोक कोठून मिळणार?

कोर्टकचेरी

मुद्दा मान्य, म्हणूनच खुलासा हवा म्हणतो. आपल्या संहितेच्या कलम १३ खाली परदेशी निकालाचा विचार होताना तो गुणदोषांवर, म्हणजे वादाच्या मूळ मुद्द्यावर, दिला गेला आहे का, हे पाहिले जाते. आउतोमुळे सबंध प्रकरण संपू शकते, आणि तेही अधिकारक्षेत्रासारख्या मुद्द्यावर, गुणदोषांना हात न लावता. अनुवादकाने त्याला उदारपणे ‘जजमेंट’ म्हटले तर समोरचा वकील त्यावरच उड्या मारेल.

पुणेरी दुभाषी

तेवढ्यासाठीच मी आउतोला ऑर्डर म्हणते. बाईंच्या निकालापुरते सांगायचे तर ‘फिर्मे’ जेथे आले, तेथे ‘फायनल, नो फर्दर अपील’ असे लिहून आपल्या समाधानासाठी मूळ शब्दही शेजारी ठेवला.

कोर्टकचेरी

आणि ‘देफिनितिवा’?

पुणेरी दुभाषी

‘जजमेंट एंडिंग द इन्स्टन्स, ओपन टू अपील’. लांबलचक आहे, मान्य.

कोर्टकचेरी

लांब असू द्या. त्यात ‘फायनल’ नाही, तेवढ्यावर माझी तक्रार मागे घेतो. माखिस्त्रादोचे काय केलेत, तेही कळवा.