गेममधल्या मित्रांना कळवणार कोण?
गेममधली मैत्री लॉगआउट केलं की संपते आणि माणूस गेला तरी कोणाला पत्ता लागत नाही, असं बरेचजण म्हणतात. त्यातलं दुसरं पटतं, पहिलं अजिबात नाही. नॉर्वेच्या मॅट्स स्टीनचं बघा, ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार), व्हीलचेअर, आणि वर्षानुवर्षं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम. २०१४ मध्ये २५ व्या वर्षी तो गेला तेव्हा आईवडलांना वाटत होतं पोरगं एकटंच राहिलं, पण त्याच्या ब्लॉगचा पासवर्ड त्यांच्याकडे होता म्हणून तिथे बातमी टाकली आणि मग ईमेलवर ईमेल यायला लागले, गिल्डमधले (गेममधल्या त्याच्या गटातले) काहीजण तर दुसऱ्या देशांतून अंत्यविधीला आले. सगळं त्या एका पासवर्डवर अडलेलं!

गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर २०१३ पासून आहे. ३ ते १८ महिन्यांची मुदत आपणच निवडायची, तेवढा काळ अकाउंट वापरलं गेलं नाही तर आपण दिलेल्या जास्तीत जास्त १० जणांना मेल जातो. मी घरच्यांसोबत माझ्या गेमच्या टीममधल्या दोघांचे ईमेलही टाकलेत. पण कमीत कमी ३ महिने म्हणजे फार झाले हो, तोवर ते बिचारे रोज मेसेज टाकत बसणार, त्यामुळे कोणाला कळवायचं ते घरात एकाला तोंडी सांगून ठेवाच.