हमस रवाळ होतंय, मदत हवी आहे

दोनदा हमस (काबुली चण्यांचं अरबी डिप) केलं आणि दोन्ही वेळा ते वाटल्या डाळीच्या वळणावर गेलं 😅 काबुली चणे रात्रभर भिजवून कुकरला ५ शिट्ट्या काढल्या, ताहिनी (तिळाची पेस्ट) विकतची महाग म्हणून पांढरे तीळ भाजून घरीच वाटले, ते जरा जास्तच भाजले गेले बहुतेक कारण कडवट लागत होतं. शिजवताना खायचा सोडा घातला की सालं सुटतात म्हणे, पण १ वाटी चण्यांना किती घालायचा आणि मग वास नाही का राहत? बर्फाचं पाणी ताहिनी-लिंबू फिरवताना घालायचं की चणे घातल्यावर? एकेक चणा सोलायचा पेशन्स माझ्यात नाही हो. मिक्सरचं चटणीचं भांडं चालेल ना? शनिवारी पाहुणे येतायत.