वाहणारा शिलारस तुटतो कसा?

प्रश्न
नमस्कार. मुरूडजवळच्या आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला कातळात घुसलेली एक काळी डाइक (जुन्या खडकाच्या भेगेत शिरून गोठलेल्या शिलारसाची पट्टी) भिंतीसारखी उघडी पडते. तिच्या दोन्ही कडांना बोटभर रुंदीचा काचेसारखा पट्टा आहे आणि मध्ये लाकडाच्या मोळीसारखे आडवे खांब रचलेले दिसतात. ज्वालामुखीच्या नळीतून वर चढताना शिलारस स्वतःच तुटतो, असे नुकतेच वाचनात आले. जे वाहते ते तुटेल कसे, आणि आमच्या डाइकमधल्या भेगा त्याचाच पुरावा मानाव्यात का?

प्रतिसाद १
आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो: नाही. ते खांब डाइक निवताना आकसल्यामुळे पडलेल्या भेगांचे आहेत. थंडावा दोन्ही भिंतींकडून आत सरकत गेला, म्हणून ते भिंतींशी काटकोनात आडवे पडले. कडेचा रस थंड खडकाला टेकताच इतका झटपट गोठला की स्फटिक वाढायला अवधीच मिळाला नाही, आणि तो काचेसारखा झाला. तिथे खरा तुटला तो आजूबाजूचा जुना कातळ, कारण शिलारसाने दाबाने तो फाडूनच वाट काढली.

शिलारस स्वतः तुटतो तो मुख्यतः सिलिका (वाळू-काचेतला मुख्य घटक) भरपूर असलेला, म्हणजे रायोलाइट किंवा डेसाइट जातीचा. चिक्कीचा पाक आठवून पाहा: पाणी आटत जाते तसा तो घट्ट होतो, आणि हळू ओढला तर तार धरणारा तोच पाक झटका दिला की कडकन तुटतो. शिलारस वर येतो तसा दाब उतरतो, त्यात विरघळलेले पाणी बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि रसाचा चिकटपणा बेसाल्टच्या, म्हणजे सह्याद्रीतल्या काळ्या कातळाच्या, रसाच्या कोट्यवधी पट होऊ शकतो. नळीच्या मध्यभागी तो पुढे सरकतो आणि भिंतीजवळ मागे रेंगाळतो. म्हणून सर्वाधिक ताण कडेच्या पट्ट्यात येतो, आणि ताणण्याचा वेग रसाच्या सैलावण्याच्या वेगाहून जास्त झाला की गरम असतानाच तो काचेसारखा फुटतो. बेसाल्टचा रस इतका पातळ असतो की सहसा ही वेळ त्याच्यावर येत नाही.

प्रतिसाद २
यात भर घालावीशी वाटते, कारण मला या विषयातला सर्वांत विलक्षण भाग पुढचा वाटतो. फुटलेले तुकडे अजून तापलेलेच असल्यामुळे पुन्हा एकमेकांना चिकटतात, भेग सांधली जाते आणि पुन्हा फुटते. भेग उघडी असेपर्यंत वायू आणि राखेची भुकटी तिच्यातून निसटतात. चिलीतील कॉर्दोन काउये येथे २०११-१२ च्या उद्रेकात एकाच मुखातून राखेचे झोत आणि लाव्हा एकाच वेळी बाहेर पडत होते, ते यामुळेच शक्य झाले. अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्स येथे २००४ ते २००८ दरम्यान तर जवळजवळ घट्ट झालेला डेसाइट सुळक्यांच्या रूपाने वर ढकलला जात होता. त्याच्या अंगावर चुरा झालेल्या खडकाचा थर होता, आणि अर्ध्या ते पाच मिनिटांच्या अंतराने नगाऱ्यावर टिपरी पडावी तसे लहान भूकंप नोंदले जात होते.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनापासून आभार. असा सिलिकायुक्त खडक कोकणात कुठे पाहता येईल?

प्रतिसाद १
उत्तरेकडे मुंबईलगत मनोरी-गोराई परिसरात दख्खनच्या ज्वालामुखीपर्वाच्या अखेरीचा, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वीचा रायोलाइट आहे. त्यातले बारीक, वळसे घेतलेले प्रवाहपट्टे म्हणजे घट्ट रस ताणला गेल्याची खूण आहे. मात्र प्रत्येक पट्टा तुटून सांधलेलाच असेल असे धरून चालू नये. तसे म्हणण्यासाठी पट्ट्यात दगडाचे कोनदार तुकडे अडकलेले दिसायला हवेत, आणि ते भिंगाखाली पाहावे लागतात.