ओबामांना मत देणारा माणूस पुढे ट्रम्पना मत का देतो?

कृष्णाकाठ

सांगलीजवळ एका ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. परवा तास संपता संपता मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, अमेरिकेत लोक रंग बघून मत देतात म्हणतात, मग ओबामा दोनदा निवडून कसे आले?" मी दोन वाक्यांत वेळ मारून नेली आणि घरी येईपर्यंत त्याचीच टोचणी लागली. तिकडे राहणाऱ्यांनी, शक्य तर स्वतः पाहिलेलं, सांगाल का? गुरुवारी पुन्हा तोच वर्ग आहे.

आकडेमोड

१९६४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या, म्हणजे ओबामांच्याच पक्षाच्या, अध्यक्षपदाच्या एकाही उमेदवाराला गोऱ्या मतदारांमध्ये बहुमत मिळालेलं नाही, इथून सुरुवात करा. त्या वर्षी जुलैत डेमोक्रॅटिक अध्यक्ष जॉन्सन यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. नोव्हेंबरात देश त्यांनीच जिंकला, पण कायद्याच्या विरोधात मत दिलेल्या रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना स्वतःचं ॲरिझोना सोडून जी पाच राज्यं मिळाली, ती सगळी दक्षिणेतली: मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना, साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत तर ८७ टक्के. तिथल्या बहुतेक काळ्या नागरिकांना तेव्हा मतदार यादीत नावच घालू देत नव्हते, हेही मुलांना सांगा.

ओबामांना २००८ साली गोऱ्यांची ४३ टक्के मतं पडली, २०१२ साली ३९. काळ्यांची दोन्ही वेळा नव्वदच्या वर. गोऱ्यांमध्ये ते दोन्ही वेळा हरलेच होते, बेरीज बाकीच्यांनी पुरी केली.

आठमैल

सर, आकडे बरोबर आहेत, पण त्या मुलीचं उत्तर मला माझ्या गल्लीत मिळालं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सव्वीस वर्षं मिशिगन राज्यात, मोटार कारखान्यांच्या डेट्रॉइटच्या उत्तरेला, मॅकोम काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहते. मधे एट माइल रोड आहे. दक्षिणेला डेट्रॉइट, बहुतांश काळ्यांचं. उत्तरेला आमची उपनगरं. १९७० च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या वॉरन शहरात ९९ टक्क्यांहून जास्त वस्ती गोरी होती. रस्ता ओलांडायला एक सिग्नल लागतो, तरी इथे कितीतरी घरांत "एट माइलच्या खाली" हे शब्द आवाज उतरवून बोलतात.

१९६७ च्या दंगलीत डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली. गोरी कुटुंबं त्याआधीपासूनच बाहेर पडत होती, नंतर रीघ लागली. १९७२ साली शहरातली आणि उपनगरांतली मुलं बसने एकमेकांच्या शाळांत पाठवायची, असा कोर्टाचा बेत पुढे आला. त्याच वर्षी मे महिन्यात मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, जॉर्ज वॉलेस जिंकले, ज्यांनी अलाबामात काळी-गोरी मुलं एका शाळेत बसू नयेत म्हणून जंग जंग पछाडलं होतं. दक्षिणेत नव्हे, इथे, मोटार कारखान्यांच्या आणि कामगार युनियनच्या मुलखात! १९६० साली डेमोक्रॅट केनेडींना भरभरून मतं देणाऱ्या मॅकोमने १९८४ साली रिपब्लिकन रेगन यांना दोन तृतीयांश मतं दिली. स्टॅनली ग्रीनबर्ग या अभ्यासकाने १९८५ साली इथल्या लोकांना बसवून बोलतं केलं. नोकरीची तक्रार असो, शाळेची असो की कराची, बोलता बोलता गाडी काळ्यांवर येऊन थांबायची.

आता शेजारचे आजोबा. कारखान्यातून रिटायर झालेले. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात न सांगता आमच्या दारातला बर्फ काढून द्यायचे. २००८ साली कारखाने आठवडेच्या आठवडे बंद होते. त्या ऑक्टोबरात गॅरेजमध्ये बसून मला म्हणाले, "घर पेटलंय, बंबवाल्याचा रंग बघत बसू का?" मत ओबामांना. २०१२ साली ओबामांच्या विरोधात उभे राहिलेल्या रॉम्नींनी डेट्रॉइटचं दिवाळं निघू द्या अशा मथळ्याचा लेख लिहिला होता, त्याचं कात्रण त्यांनी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. २०१२ साली पुन्हा ओबामा. २०१६ साली ट्रम्प.

एकदा त्यांनी मला गाडीतून वडिलांचं घर दाखवायला नेलं. एट माइलच्या खाली शिरताना चारही दारं लॉक केली. घर उरलंच नव्हतं. गुडघाभर गवत, सिमेंटच्या तीन पायऱ्या, आणि पायऱ्यांशेजारी लायलॅकचं झुडूप. त्यांनी एक डहाळी मोडली, नाकाशी धरली, आणि म्हणाले, "बघ, काय करून ठेवलंय त्यांनी." 'त्यांनी' म्हणजे कोणी, ते मला विचारावं लागलं नाही.

तिथून थोड्याच अंतरावर १९४१ साली एका बिल्डरने बांधलेली भिंत अजून उभी आहे. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. काळ्यांची वस्ती जवळ म्हणून गोऱ्यांच्या नव्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळेना, ते मिळावं म्हणून मधे भिंत घातली. ज्यांना असं कर्जच मिळत नव्हतं त्यांनी घरं कशी राखायची होती? आजोबांशी हे कधी बोलणं झालं नाही. झालं नाही म्हणजे मी काढलं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

माझं मत एवढंच, सर: आजोबांच्या मनात 'त्यांच्या'बद्दल जे होतं ते २००८ सालीही होतं. तेव्हा प्रचार पोटापाण्यावर चालला होता, म्हणून ते मनाच्या तळाशी राहिलं. २०१६ साली मेक्सिकन, मुसलमान, मेक्सिकोच्या सीमेवर भिंत, हेच रोज कानावर पडत होतं. तळाशी होतं ते वर आलं. मॅकोममध्ये ट्रम्प सुमारे ४८ हजार मतांनी पुढे राहिले, आणि सबंध मिशिगन त्यांनी जिंकलं १०,७०४ मतांनी.

कृष्णाकाठ

ताई, मनापासून आभार. वर्गात हे वाचून दाखवू का? आणि मनातलं असं मोजतात तरी कसं? कोणी तोंडाने थोडंच कबूल करणार.

आकडेमोड

सरळ विचारत नाहीत. मिशिगन विद्यापीठाशी जोडलेली एक राष्ट्रीय पाहणी दर निवडणुकीला होते. तिच्यात १९८० च्या दशकापासून एक विधान असतं: आयरिश, इटालियन, ज्यू लोक भेदभाव सोसून वर आले, काळ्यांनीही खास सवलतींशिवाय तसंच करावं. सहमत की असहमत? यावर वाद आहे. ज्याला सरकारी मदतच मुळात पटत नाही तोही "सहमत" म्हणेल, मग द्वेष किती आणि विचार किती हे वेगळं कसं करायचं? सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या अर्थतज्ज्ञाने दुसरी वाट काढली. काळ्यांसाठीची शिवी लोक गूगलवर कुठे किती शोधतात ते भागवार पाहिलं आणि अंदाज काढला की ओबामांची साधारण ४ टक्के मतं त्यापायी गेली. गूगलसमोर माणूस एकटा असतो.

रिओग्रांदे

टेक्सासमधून. सगळं वंशावर घालू नका. सीमेवरच्या स्टार काउंटीत ९५ टक्क्यांहून जास्त लोक हिस्पॅनिक. २०१६ साली हिलरी तिथे ६० टक्क्यांनी पुढे होत्या, २०२० साली बायडन जेमतेम ५ टक्क्यांनी, २०२४ साली ट्रम्प जिंकले. त्या भिंतीचं भाषण ऐकूनही. माझ्या ओळखीच्या तिथल्या लोकांना किराणा आणि पेट्रोलचे भाव दिसत होते.

आठमैल

पटतं. पण सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला माणूस भाषणातल्या 'त्या' लोकांत स्वतःला धरतच नाही. इथल्या आपल्या मराठी मंडळींकडे बघा ना. कोणी नवीन मराठी कुटुंब आलं की पहिला सल्ला, "एट माइलच्या खाली घर बघू नका." हे मी स्वतः दिलेले सल्ले आहेत. आणि त्याच डेट्रॉइटच्या मतदारसंघातून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले. आम्ही पेढे वाटले. लायब्ररीतली माझी काळी सहकारी म्हणाली, १९५५ पासून डेट्रॉइटचा एक तरी काळा माणूस काँग्रेसमध्ये असायचा, आता नाही. तिने अभिनंदनही केलं. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

सर, वर्गात जरूर वाचा, फक्त एक गोष्ट जोडा. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससला एका भारतीय इंजिनिअरला "माझ्या देशातून चालता हो" म्हणत गोळी घातली. बातमी आली त्याच संध्याकाळी आजोबा आमच्याकडे आले. म्हणाले, "तुमच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघितलं तर रात्री दोन वाजता असो, मला फोन करायचा." मी चहा केला. ट्रम्पच्या प्रचारातली लाल टोपी घालून आले होते. आत येताच काढून त्यांनी ती मांडीवर उपडी ठेवली, अक्षरं खाली करून, आणि जाईपर्यंत तिच्यावर हात धरून बसले.