शिकागो: एच-१बीवर असताना शाळेबाहेर शिट्टी घेऊन उभं राहावं का? शिवाय बाबांच्या खिशात काय ठेवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोच्या उत्तर भागात राहतो, डेव्हन ॲव्हेन्यूच्या जवळ. नवरा आणि मी दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाची रांग सगळ्यांसारखीच. मुलगी तिसरीत, सरकारी शाळेत. सध्या बाबा सांगलीहून टुरिस्ट व्हिसावर आलेत.

८ सप्टेंबर २०२५ला 'ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ', म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन एजंटांची इथली धरपकड, सुरू झाली तेव्हापासूनचं तुम्ही वाचत असालच. टीव्हीवर अश्रुधूर आणि हेलिकॉप्टर दिसतं. आमच्या गल्लीत वेगळंच जाणवतं. शाळेच्या कोपऱ्यावर सकाळी टमाले (मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ) विकणाऱ्या बाई मध्यंतरी येईनाशाच झाल्या. आता येतात, पण सायकलवाली काही मंडळी सगळा डबा एकदम विकत घेऊन त्यांना लवकर घरी धाडतात. मुलीच्या मैत्रिणीला हल्ली आईऐवजी शेजारीण सोडायला येते. "तिची आई आजारी आहे का गं?" असं लेकीने विचारलं, मी विषय बदलला.

शाळा, दवाखाने, चर्च इथे शक्यतो कारवाई करायची नाही, हे जुनं धोरण जानेवारीतच रद्द झालंय. म्हणून पालकांनीच पाळ्या लावल्यात. शाळा भरताना आणि सुटताना कोपऱ्यावर दोघं-दोघं, गळ्यात शिट्टी. तुटक शिट्ट्या म्हणजे एजंट आसपास आहेत, लांबलचक म्हणजे कुणाला तरी पकडतायत. अडवायचं नाही, मध्ये पडायचं नाही, लांबून व्हिडिओ काढायचा.

मला बुधवारची पाळी विचारलीय. नवरा म्हणतो, विकतचं दुखणं कशाला घेतेस? त्याचं अगदीच चूक नाही. याच वर्षी नुसत्या लिहिण्या-बोलण्यावरून विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झालेत. इथल्या नागरिकाला हुज्जत परवडते, आपली नोकरी, घर, पोरीची शाळा सगळं त्या एका शिक्क्यावर टांगलेलं. पण विचारणारी बाई म्हणजे लेक तापाने फणफणली होती तेव्हा रात्री औषध आणून देणारी. तिला नाही कुठल्या तोंडाने म्हणू? व्हिसावर असलेल्या कुणी असं काम केलंय का?

दुसरं, बाबा. सकाळी फिरायला गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. इंग्रजी येतं, पण इथलं भरभर बोललेलं कळत नाही. त्यातून रूप, भाषा, कामाची जागा एवढ्यावरून लोकांना थांबवायला लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने केलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात तात्पुरती उठवली. पासपोर्ट सोबत द्यावा की झेरॉक्स पुरेल? कुणी अडवलं तर ते गप्प बसणार नाहीत ही वेगळी काळजी, निवृत्त हेडमास्तर आहेत.

('भारतात परत या' हा सल्ला कृपया नको, त्याचे धागे भरपूर आहेत.)

रानवारा:
आधी बाबांचं. १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा हा कायदा जुनाच आहे, या एप्रिलपासून त्यावर जोर आलाय. त्यांच्यासाठी तो पुरावा म्हणजे आय-९४, देशात प्रवेश केल्याची नोंद. सीबीपीच्या (सीमा आणि कस्टम्स खात्याच्या) संकेतस्थळावर मिळतो, आजच छापून घ्या. तुम्हा दोघांचा मुदतवाढीचा असेल तर आय-७९७च्या (मंजुरीच्या नोटिशीच्या) तळाशी असतो, तोही बघून ठेवा. आमच्या वकीलबाईंनी सासऱ्यांना घराजवळ फिरताना पासपोर्टची प्रत आणि गावाबाहेर जाताना मूळ, असं सांगितलं होतं.

दार वाजलं तर उघडायचं नाही, कागद खिडकीतून दाखवायला सांगायचं. घरात शिरायला न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट लागतं. इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेला आय-२०० हा अटकेचा कागद त्यासाठी पुरत नाही. हे बाबांना मराठीत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

कोकणी_वाघ:
कागद नीट असतील तर भ्यायचं कारण काय? आपण वर्षानुवर्षं रांगेत उभे आणि रांग मोडून घुसलेल्यांसाठी आपणच शिट्ट्या वाजवायच्या?

मुळामुठा:
वाघोबा, ५ फेब्रुवारीला लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांत तिघे महाराष्ट्रातले होते. तेव्हा 'ते' आणि 'आपण' जरा जपून. आणि कागद नीट आहेत हे रस्त्यात चेहरा झाकलेल्या माणसाला पटेपर्यंतचा वेळ कुणाचा जातो?

धागाकर्तीसाठी: मीही एच-१बीवर आहे. कोपऱ्यावर उभी राहत नाही. आमच्याकडे मुलांना घोळक्याने चालवत शाळेत नेतात, ती पाळी घेते. शिवाय दोन घरांचा किराणा पोचवते. यात एजंटांशी गाठ पडायची शक्यता कमी आणि त्या घरांना खरी गरज याचीच आहे. बघणं, चित्रण करणं हा हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे, पण व्हिसाचा निर्णय घेणारे तो कसा मोजतील याची हमी मी देणार नाही. यासाठी कंपनीच्या वकिलाला विचारू नका, तो कंपनीचं हित आधी बघतो. पैसे मोजून स्वतःचा वकील गाठा.

धागाकर्ती:
सर्वांचे आभार. आय-९४ छापला, बाबा तो लॅमिनेट करायला निघाले होते. बुधवारी मुलांना नेण्याची पाळी घेतलीय, तिला सांगितलं तर ती म्हणाली की त्यालाच माणसं कमी पडतात. शिट्टीचं वकिलाशी बोलून मग. शिकागोत मराठी किंवा हिंदी बोलणारा चांगला इमिग्रेशन वकील कुणाला माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. बाबांनाही त्याच्याशी थेट बोलायचंय.