मदत हवी आहे : व्याख्या पाठ, वाक्ये पाठ, तरीही इंग्रजी शब्द चुकतात

पांझराकाठ (धुळे)
गेल्या चार महिन्यांत मी ९०० अवघड इंग्रजी शब्द, व्याख्या आणि प्रत्येकी एका उदाहरणवाक्यासह, वहीत उतरवले आहेत. झोपेतून उठवून विचारले तरी व्याख्या सांगता येते. परंतु सराव परीक्षेत निम्मी उत्तरे चुकतात. पाच आठवडे उरले आहेत. कृपया ‘वाचन वाढवा’ एवढेच सांगू नये.

सावदेकर
परीक्षा कोणती, हे आपण लिहिलेच नाही. बँकेची, एमबीए प्रवेशाची कॅट की परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठीची जीआरई? शब्द विचारण्याची तऱ्हा प्रत्येक ठिकाणी निराळी असते.

जुना फळा (अमळनेर)
परीक्षा कोणतीही असो, विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या पाठ कराव्यात. माझ्या भाच्याने २००८ साली जीआरई दिली, ती केवळ अशा याद्यांच्या बळावर.

सावदेकर
सर, जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्येच काढून टाकण्यात आले. आता वाक्यातील रिकाम्या जागा भराव्या लागतात. एका प्रकारात तर सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की दोहोंमुळे वाक्याचा अर्थ सारखाच व्हावा, आणि त्यांपैकी एकच बरोबर आला तर गुण शून्य.

जुना फळा (अमळनेर)
प्रश्न काढले म्हणून विरुद्धार्थ निरुपयोगी ठरत नाहीत.

केळीबाग
उच्चारांकडेही लक्ष द्यावे. आपल्या भागात ‘ळ’चा ‘य’ होतो, त्याचा परिणाम इंग्रजी बोलण्यावर होतो.

पांझराकाठ (धुळे)
इंग्रजीत ‘ळ’ नाही आणि माझी परीक्षा बोलण्याची नाही. परीक्षा जीआरईच आहे, लिहायचे राहून गेले. कालच्या दोन चुका सांगते. एका वाक्यात ‘सँक्शन’ शब्द होता. आमच्याकडे दरवर्षी पीककर्ज सँक्शन होते, म्हणून तो मी वहीत घेतलाच नव्हता. तेथे मात्र त्याचा अर्थ दंड असा निघाला. दुसरा शब्द ‘मिटिगेट’. वहीत त्यापुढे ‘कमी करणे’ असे लिहिले आहे.

चिठ्ठ्यांचा डबा
लाइटनर यांची पद्धत वापरावी. शब्दांच्या चिठ्ठ्या पाच कप्प्यांत ठेवायच्या. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की थेट पहिल्या कप्प्यात परतते. इतके करूनही शब्द विसरला, असे मला आजवर घडलेले नाही.

सावदेकर
ताई विसरत नाहीतच, त्यांना सगळे पाठ आहे. चिठ्ठीवर ‘मिटिगेट म्हणजे कमी करणे’ एवढेच असेल, तर डबा तेच पक्के करील आणि त्या उद्या ‘कापसाचा भाव मिटिगेट झाला’ असे लिहितील. तो शब्द धोका, हानी, तीव्रता यांना लागतो, भावाला नव्हे. म्हणून व्याख्येसोबत नेमके काय कमी होते तेही लिहावे. ‘सँक्शन’ची गोष्ट वेगळी आहे. जे शब्द ओळखीचे वाटतात तेच तेथे फसवतात : ‘टेम्पर’ म्हणजे सौम्य करणे, ‘चेक’ म्हणजे आवर घालणे, ‘क्वालिफाइड प्रेज’ म्हणजे हातचे राखून केलेली स्तुती. अशांची निराळी यादी करावी. आता वहीतील एक उदाहरणवाक्य जसेच्या तसे लिहाल का?

पांझराकाठ (धुळे)
‘ही इज अ लकॉनिक मॅन.’

सावदेकर
येथेच घोटाळा आहे. ‘लकॉनिक’वर बोट ठेवा, त्या जागी उंच, श्रीमंत, आळशी, काहीही बसते. त्याऐवजी ‘तासभर चाललेल्या प्रश्नांना त्याने तीन शब्दांत उत्तर दिले’ असा आशय वाक्यात असेल, तर झाकलेला शब्द मितभाषीपणाचाच असणार हे कळते. परीक्षेतही असाच धागा शोधायचा असतो. वहीतील प्रत्येक वाक्य या कसोटीवर तपासावे आणि जे टिकणार नाही ते बदलावे.

पांझराकाठ (धुळे)
रात्री बसून पहिली ४० वाक्ये झाकून पाहिली. ११ टिकली.

जुना फळा (अमळनेर)
त्या ११ शब्दांचे विरुद्धार्थी येतात का?