गुरुवारी पाणी बंद : एका कुकरात काय काय होईल?

सेक्रेटरी (मंगळवार, सायं. ७:४०)
सर्व सभासदांना कळवण्यात येते की येत्या गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल. एक टँकर सांगितला आहे, तो तीनही विंगना पुरवायचा आहे. कृपया पाणी जपून वापरावे. 🙏

बी-६०४ (८:०५)
याच निमित्तानं एक विषय मांडते. माझ्याकडे, ५०२ कडे आणि ७०४ कडे भांड्यांना एकच मावशी येतात. मागच्या वेळी पाणी बंद होतं तेव्हा त्यांनी बाथरूममधून बादल्या भरभरून आणल्या आणि तिन्ही घरची भांडी घासली. माझ्याकडून निघताना त्या कंबर धरूनच लिफ्टमध्ये शिरल्या. मला फार वाईट वाटलं. या गुरुवारी आपण त्यांना भरपगारी सुट्टी देऊ या का? आणि त्या दिवशी प्रत्येक घरी एकाच भांड्यात होणारा स्वयंपाक करू या. एक कुकर आणि चार ताटल्या आपल्या आपण सहज घासू शकतो.

बी-५०२ (८:०९)
माझी तयारी आहे. मावशींना मी आजच फोन करते.

बी-७०४ (८:१२)
सुट्टीला हरकत नाही. पण आमच्या सासऱ्यांना पोळी-भाजी, वरण-भात असं सगळं ताटात लागतं. नुसत्या खिचडीवर ते उठत नाहीत.

बी-६०४ (८:२०)
वहिनी, वरणफळं करून बघा. पोळी आणि वरण दोन्ही त्यातच येतं.

सी-२०१ (८:२१)
आमच्या साताऱ्याकडे त्यालाच चकोल्या म्हणतात. पण त्याला वरणाचं पातेलं, फोडणीचं कढलं, कणकेची परात, पोळपाट… भांडी कुठे कमी होतात?

बी-६०४ (८:३४)
मी सगळं कुकरातच करते. चौघांचं प्रमाण सांगते.
अर्धी वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवायची. कुकरातच तेलावर मोहरी, हिंग, कढीपत्ता, चार लसूण पाकळ्या, हळद, तिखट अशी फोडणी करायची. त्यावर निथळलेली डाळ आणि दोन वाट्या पाणी घालून चार शिट्ट्या करायच्या. वाफ गेली की झाकण काढून रवीनं घोटायचं आणि आणखी तीन-चार वाट्या कढत पाणी घालायचं. वरण आमटीपेक्षाही पातळ हवं, कारण फळं पाणी ओढतात. मग मीठ, गूळ, गोडा मसाला आणि तीन-चार आमसुलं घालायची.
आमसूल किंवा चिंच आधी घालू नका. आंबटानं डाळ शिजायला वेळ लागतो, कधीकधी बोटचेपी राहते. टोमॅटोचंही तेच, तोही डाळ शिजल्यावरच.
कणीक सकाळच्या पोळ्यांचीच वाटीभर जास्त भिजवून ठेवायची. पोळीपेक्षा जरा जाड लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि वरणाला खळखळून उकळी आली की एकेक सोडायचे. सगळे एकदम टाकले तर त्यांचा गोळा होतो. आठ-दहा मिनिटं झाकण न लावता मंद आचेवर ठेवायचं, मधूनमधून हलक्या हातानं तळापासून ढवळायचं. पोळपाट कोरड्या फडक्यानं पुसला की झालं. वरून तूप, आणि हातात कच्चा कांदा.

बी-७०४ (८:४१)
हे जमेल. सासऱ्यांना चिंच-गुळाचं आवडतं.

ए-१०२ (८:५०)
आमच्या अमरावतीकडचा गोळाभात कोणी करत नाही का गं? हरभऱ्याच्या डाळीचा भरडा एक वाटी, त्यात तिखट, मीठ, हळद, जिरं, दोन चमचे कढत तेल. पाण्याच्या हबक्यानं लिंबाएवढे घट्ट गोळे वळायचे. दीड वाटी तांदळाचा भात पातेल्यात लावायचा, पाणी आटत आलं की गोळे भातात खोचायचे, झाकण ठेवून बारीक आचेवर दहा-बारा मिनिटं. खाताना गोळा भातात कुस्करायचा आणि वर फोडणीचं गरम तेल.
फोडणीला वेगळं भांडं नको. तेच पातेलं आधी गॅसवर ठेवून त्यात तेल, मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्या करायच्या आणि वाटीत काढायचं. मग पातेलं न धुता त्यातच भात लावायचा. माझी आई असंच करायची. उन्हाळ्यात विहीर खोल गेली की आमच्याकडे गोळाभात ठरलेला.

बी-५०२ (८:५३)
आजी, हे मी करणार. माझ्याकडे जाडसर डाळीचं पीठ आहे.

ए-७०३ (९:०२)
नमस्कार, आम्ही तिघं भाड्यानं राहतो. इंडक्शनवर एकाच कुकरमध्ये सोयाबीन-बटाट्याचा मसालेभात करतो, पण दर वेळी तळाला करपतं आणि तो कुकर घासायला अर्धी बादली पाणी जातं. काय चुकतं?

बी-६०४ (९:०८)
मसाला परतताना जो थर तळाला धरतो तो तसाच राहत असणार. परतून झाल्यावर अर्धी वाटी गरम पाणी घालून लाकडी उलथन्यानं तळ पूर्ण खरवडून घ्या. तो खमंग मसाला भातात उतरतो. मग तांदूळ आणि बाकीचं पाणी घाला. पहिली शिट्टी झाली की लगेच आच कमी करा.

सी-४०३ (९:१५)
मी इंजिनिअर होतो, आता निवृत्त आहे. एक भर घालतो. आपल्या पुण्यात उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, कुकरात ते जवळपास १२० अंशांपर्यंत जातं. वेळ आणि गॅस वाचतो तो यामुळे. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर जाणं. मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या काढल्या तर पाणी वाफ होऊन जातं आणि तळ लागतो. एका शिट्टीनंतर मंद आचेवर मिनिटं मोजावीत.
दुसरं, भात-डाळ असेल तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. एका भांड्यात सगळं करायच्या नादात लोक काठोकाठ भरतात. डाळ फेसाळते आणि फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. लावण्यापूर्वी झाकण उजेडाकडे धरून भोक आरपार दिसतंय ना हे बघा. तडा गेलेली रिंग आजच बदला.

सी-२०१ (९:२२)
काका, टँकरच्या पाण्यात आमची डाळ शिजतच नाही. तेच दुकान, तीच डाळ.

सी-४०३ (९:३०)
टँकर बोअरवर भरला असेल तर पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा घटक) धरून ठेवतं, म्हणून दाणा मऊ होत नाही. सोडा घालू नका, त्यानं बी-१ जीवनसत्त्व जातं. डाळ भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या. आरओचं जे पाणी नळीतून वाया जातं, ते बादलीत धरून भांडी विसळायला वापरा. आमच्याकडे दिवसाला दीड बादली निघते, ती मी गुरुवारी जिन्याजवळ ठेवीन. कोणीही न्यावी.

ए-३०१ (९:४४)
मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. ही गेल्यापासून एकटाच आहे, वय ७१. खिचडी शिकलो, पण पाच लिटरच्या कुकरात एका माणसाची खिचडी लागतेच. जास्त केली तर दोन दिवस तीच खावी लागते.

ए-१०२ (९:४९)
भाऊ, कुकरात थेट लावू नका. तळाला दोन पेले पाणी, त्यावर जाळी, आणि जाळीवर स्टीलचा छोटा डबा. डब्यात पाव वाटी तांदूळ, मूठभर मूगडाळ, हळद, मीठ आणि सव्वा वाटी पाणी. डबा अर्ध्याहून जास्त भरायचा नाही. एक शिट्टी, मग मंद आचेवर दहा मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. वर तूप, मेतकूट, लिंबू पिळा. त्याच डब्यात जेवा. कुकर नुसता विसळला की झालं, घासायचा फक्त डबा आणि चमचा.

ए-३०१ (९:५२)
हे मला कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद वहिनी.

बी-३०२ (९:५८)
मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून एवढंच सांगते. गुरुवारी उरलेला भात किंवा खिचडी ओट्यावर रात्रभर ठेवू नका, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. आणि जेवणात काहीतरी कच्चं हवंच. काकडी, गाजर, मुळा चिरून सरळ ताटलीत घ्या, कोशिंबिरीचं भांडं लागत नाही.

बी-५०२ (बुधवार, दु. १२:१५)
मावशींशी बोलले. आधी त्यांना वाटलं काम सुटलं. पगार कापणार नाही हे दोनदा सांगितलं तेव्हा विश्वास बसला. उद्या त्या मुलीला घेऊन दवाखान्यात जाणार आहेत, ते कधीचं राहिलं होतं.

सी-२०१ (१२:३१)
आमच्या विंगमध्येही दोघी येतात. त्यांनाही सांगते.

सेक्रेटरी (१२:५०)
प्रत्येक वेळी पाणी बंद असेल तेव्हा असंच करू या असं मला वाटतं. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतो.

ए-७०३ (गुरुवार, दु. १:४०)
तळ खरवडला, पहिल्या शिट्टीला आच कमी केली. अजिबात करपलं नाही. कुकर दोन तांब्यांत धुतला.

बी-७०४ (२:०५)
वरणफळं सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली. पोळी नाही म्हणून विचारलं नाही. मला मात्र दुपारी तासभर आडवं व्हायला मिळालं, कितीतरी दिवसांनी.

ए-३०१ (रात्री ८:१०)
सकाळी डब्यातली खिचडी छान झाली, म्हणून धीर आला. संध्याकाळी बी-६०४ च्या प्रमाणानं वरणफळं केली. ही दर श्रावणात करायची. चवीला बरीच जवळ गेली आहेत. प्रमाण चौघांचंच होतं, त्यामुळे भरपूर आहेत. ७०३ च्या मुलांनो, जेवलात का?

ए-७०३ (८:१२)
नाही काका. येतो, ताटल्या आमच्या घेऊन येतो.

ए-३०१ (८:१३)
या. तूपही आहे.